कोयत्याची खूण

कल्पिताच्या उजव्या कोपराच्या आतल्या अंगाला बोटभर लांबीची खूण होती, आणि तिचा गुन्हेगार घरात केव्हाच ठरला होता. ती तीन वर्षांची असताना पाच वर्षांच्या जीवनने खेळता खेळता कोयता चालवला, तेव्हापासून पोरीचा हात सुजतो, असं आई सोनूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. त्यापायी बापाने जीवनला फोकाने झोडपलं होतं. कल्पिताने त्याला एकाही भाऊबीजेला ओवाळलं नाही. हात ठणकला की ती त्याच्या नावाने बोटं मोडायची. तोही बिचारा ऐकून घ्यायचा. साधं शहाळं फोडायचं तरी शेजाऱ्याला हाक मारायचा.

आता तिची दोन बोटं काळी पडत चालली होती. जीवननेच तिला आणि आईला गाडीतून अलिबागच्या दवाखान्यात आणलं आणि तो बाहेर थांबला. हात वाचेल का, एवढंच कल्पिताला विचारायचं होतं.

"ही कोयत्याची जखम नाही, ऑपरेशनची आहे," डॉक्टर क्षिप्रा म्हणाल्या. "नसांचा गुंता जन्मापासूनचा. कुणीतरी तो तसाच ठेवून त्याला रक्त नेणारी मोठी नस बांधून टाकली. गुंता आजूबाजूच्या नसांतून रक्त ओढत वाढला. त्या नसेतून तार घालून गुंता आतून बंद करायची वाट मात्र बुजली. आता बाहेरून सुईने औषध सोडून बघू. पण ही दोन बोटं जातील."

कल्पिताने आईकडे पाहिलं. सोनूबाईने मान खाली घातली.

"मुंबईच्या डाक्टरनी पाच-सा खेपा घालायला सांगितलेल्या. गावात बोभाटा झाला असता. जन्माचा दोष हाय म्हनल्यावर तुजं लगीन झालं असतं का? दुसऱ्या डाक्टरनी एका दिवसात करून दिलं."

कल्पिताच्या अंगाची आग झाली. बोटांपेक्षा भाऊबीजा आठवून ती जास्त पेटली. आपल्याच आईने आपल्याला सख्ख्या भावाच्या अंगावर सोडलं होतं.

"जीवनला नको सांगू गो," सोनूबाई मागून विनवत आली. "आता काय उपेग?"

कल्पिता सरळ गाडीपाशी गेली. तिचा चेहरा बघून जीवन पुढे आला. "हात जानार? कल्पे, माज्यामुलं झालं गो."

"दादा, तू कोयता मारलाच न्हाय. ते आपरेशन होतं. आईला ठावं होतं."

 जीवनने मागे उभ्या असलेल्या सोनूबाईला विचारलं,

"आये, मंग बाबा मना मारत व्हता, तवा तू गप का बसलीस?"