शाकारलेल्या छपराचा दावा

म्हापशाच्या विमा कार्यालयातल्या माणसाने कमलाक्षीला तीनदा विचारले, "गारा? आणि कोरगावात?" तिसऱ्या वेळी तिचा पारा चढला. "नाय, बर्फी पडली. लिवन घ्या," असे तिने ऐकवले, तेव्हा कुठे त्याने संगणकाकडे तोंड वळवले.

त्याचेही फार चुकले नव्हते म्हणा. आदल्या दुपारी जे झाले ते कोरगावच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही जन्मात पाहिले नव्हते. मे महिना, काजूचा हंगाम संपत आलेला, उकाड्याने जीव नकोसा झालेला, आणि एकदम आभाळ काळे होऊन लिंबाएवढ्या गारा! दहा मिनिटे, बस्स. वाड्यावरची बाकीची घरे माडाफणसांच्या आडोशाला होती, ती थोडक्यात वाचली. कमलाक्षीचे घर मोकळ्यावर, त्यामुळे सगळा मार त्यालाच बसला. ती स्वतः तेव्हा शेजारी सुलोचनाकडे काजूबिया निवडत बसली होती. घरी नवरा बाबली एकटाच होता. गारा थांबल्यावर ती धावत आली तेव्हा तो ओट्यावर भिजलेल्या कोंबड्यासारखा उभा होता आणि आत स्वयंपाकघरातून थेट आभाळ दिसत होते.

बघून कुणीही डोक्याला हात लावला असता. कमलाक्षीने मात्र आधी नुकसान डोळ्यांखालून घातले आणि मग, खरे सांगायचे तर, तिला थोडासा आनंदच झाला. तेरा वर्षे ती घराच्या विम्याचा हप्ता काजूबियांच्या पैशांतून भरत होती आणि तेरा वर्षे बाबली तिला हसत होता. बाबली बसचा कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. हप्त्याचा दिवस आला की ओट्यावर बसून तो चार माणसांत सांगायचा, "जन्मभर कागद फाडून लोकांका दिलंय. कागदाची किंमत माका शिकवतली ही! कागदान पाऊस अडता काय रे?" लोक हसायचे. कमलाक्षीला ते लागायचे. आता त्या कागदाला काय किंमत आहे ते सगळ्या वाड्याला दिसणार होते. आणि क्लेम नाही मिळाला, तर उरलेला जन्म त्या ओट्यावरचे हसणे ऐकण्यात काढायचा होता.

म्हणून ती पहिल्या बसने म्हापशाला आली होती. "उद्या सर्व्हेअर मॅडम येतील," कार्यालयातला माणूस म्हणाला, "तोपर्यंत छपराला हात लावू नका. फोटो काढून ठेवलेत का?"

"फोटो कित्याक?" कमलाक्षी म्हणाली. "छप्पर काय पळान जातला?"

छप्पर पळून गेले नव्हते. दुपारी ती क्लेमचा नंबर लिहिलेला कागद मुठीत धरून घरी आली तेव्हा ते जागच्या जागी होते. नुसते होते असे नाही, तर धडधाकट होते. एक कौल फुटके नव्हते, खालची एक लाकडी रीप वाकडी नव्हती. माथ्यावर यशवंत मेस्त, म्हणजे वाड्यावरचा सुतार, राजासारखा बसून शेवटचा कोना लावत होता. खाली अंगणात अकरा घरांची माणसे उंडे, म्हणजे गोल पाव, आणि पातळ भाजी खात होती.

"वयनी, बघ!" यशवंत वरून ओरडला. "पाऊस ये नाय तर वादळ ये, आता चिंता नाय!"

आमच्याकडे हे असेच चालते. मे महिन्यात प्रत्येक घराची शाकारणी होते. कौले, ज्यांना इथे नळे म्हणतात, उतरवायचे, पुसायचे, फुटके काढून नवे घालायचे. हे काम कुणी एकट्याने करत नाही. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. प्रत्येकाच्या मागच्या दारी त्यासाठी नळ्यांची चवड रचून ठेवलेली असते. कमलाक्षीचे घर उघडे पडले म्हटल्यावर कुणी कुणाच्या बोलावण्याची वाट पाहिली नाही. प्रत्येकाने आपापली चवड उचलली आणि सकाळी सातला शिडी लागली. फुटक्या खापऱ्यांचे काय करायचे हाही प्रश्न पडला नाही. रस्त्यावरच्या खड्ड्यात त्या ओतल्या आणि वरून चिऱ्यांचा ट्रक गेला.

बाबली पुढे झाला. चेहऱ्यावर दिवाळी. "तुझी कंपनी येयपर्यंत आमची कंपनी इली गो!"

कमलाक्षीने वर बघितले, खाली बघितले. रडावे की हसावे तिला कळेना. अकरा घरांनी पाऊस तीन आठवड्यांवर आलेला असताना आपले राखीव नळे काढून तिच्या डोक्यावर घातले होते. अशा माणसांवर रागवायचे कोणत्या तोंडाने? तिने पदराने डोळे पुसले, सगळ्यांना आणखी भाजी वाढली आणि मग मागच्या दारी जाऊन कपाळावर हात मारून घेतला. आता क्लेम तर गेलाच, वर अकरा घरांना नळे परत कसे करायचे हा घोर लागला.

दुसऱ्या दिवशी सर्व्हेअर आली. साखळी गावची गौरवी, पोरसवदा, स्कूटरवरून. हेल्मेट काढायच्या आधीच तिची नजर छपराकडे गेली. मग हातातल्या कागदाकडे, मग पुन्हा छपराकडे.

"काकी, घर हेच ना?"

"हेच गो बाय," कमलाक्षी म्हणाली आणि जे घडले ते सगळे, काही न लपवता, तिने सांगून टाकले.

गौरवी शिडीवर चढली. दहा रंगांचे, शेवाळलेले, कुणाकुणाच्या परसातले नळे तिला दिसले. ते बदललेले आहेत एवढे कळत होते, पण कशाने बदलावे लागले ते नळे सांगत नव्हते. ती उतरली तोवर अख्खा वाडा साक्षीला हजर झाला होता.

"लिंबाएवढ्यो गारा," एकाने सांगितले.

"लिंबाएवढ्यो? खुळो मरे तू! माझ्या पायाकडे पडली ती नारळाएवढी हुती," सुलोचना म्हणाली.

"नारळ सोललेलो की सालासकट?" गौरवीने गंभीरपणे विचारले, आणि वाड्याला ती एकदम आवडली.

तिने फॉर्म काढला. "दुरुस्तीची मजुरी किती झाली?"

यशवंताला हा प्रश्नच समजला नाही. "शाकारणीक कोण मजुरी घेता?"

"म्हणजे शून्य लिहू? लोक इथे दुप्पट लिहायला सांगतात हो."

"शून्य लिव," कमलाक्षी म्हणाली.

सुलोचनाने तिला कोपराने ढोसले आणि कानात कुजबुजल्यासारखे करून सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असे म्हणाली, "माझ्या परसात जुने फुटके नळे असत. आणून पसरू?"

"नको," कमलाक्षी म्हणाली. "तेरा वर्सां खरे पैशे भरलंय. आता खोटे नळे दाखवचंय नाय."

गौरवीला तिच्याबद्दल वाईट वाटत होते ते तिच्या तोंडावर दिसत होते. रस्त्यातला खापऱ्यांचा चुरा तिने पाहिला, पण तो कालचा की दहा वर्षांपूर्वीचा हे कसे ठरवणार? "काकी, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण मला दिसलं तेच मी लिहू शकते. फुटलेल्या छपराचा एक फोटो, एक तरी. कुणीच काढला नाही?"

सगळ्यांची तोंडे बाबलीकडे वळली. कोंबडीने अंडे घातले तरी बाबली त्याचा फोटो काढून तीन ग्रुपवर टाकतो, हे वाड्यात पोराटोरांना ठाऊक.

"माझो फोन बिघडलो," बाबली घाईने म्हणाला. "त्याच दिसा. पाणी गेला."

"असा?" यशवंत म्हणाला. "मग आज सकाळी सातांक माका फुलांचो गुच्छ आणि 'शुभ सकाळ' खयच्या फोनान धाडलंस?"

बाबलीचा चेहरा कोकमासारखा झाला. तो माडाकडे बघू लागला. कमलाक्षी मात्र ओट्यावर मांडलेले आपले कागद एकेक करून गोळा करत होती. "रवांदे गो बाय," ती गौरवीला म्हणाली, "तू तरी काय करतलंस? चाय घेवन जा." आवाज अगदी साधा होता, पण इतक्या वर्षांच्या संसारात बाबलीने तिला अशी पडलेली कधी पाहिली नव्हती. चिडलेली, हट्टाला पेटलेली, फणकारलेली सगळी पाहिली होती, ही नव्हती.

त्याने खिशातून फोन काढला आणि गौरवीच्या हातात दिला. "व्हिडिओ असा. पण बाय, आवाज बंद करून बघ."

आवाज कसला बंद होतोय! कंडक्टरी करून करून बाबलीला कमी ऐकू येते, त्यामुळे फोनचा आवाज कायम टिपेला. गौरवीने बटण शोधेपर्यंत व्हिडिओ सुरूही झाला.

अंगणात गारा नाचत होत्या. मग कॅमेरा आत वळला. धाडकन आवाज झाला, स्वयंपाकघराचे छप्पर फुटले, नळ्यांचे तुकडे चुलीवर कोसळले, भोकातून गारा टपाटपा जमिनीवर. तारीख, वेळ, सगळे कोपऱ्यात स्पष्ट. मग फोन कुठेतरी फळीवर टेकवला गेला असावा, कारण पडद्यावर खुद्द बाबली आला. डोक्यावर पितळेचे तपेले, छातीशी प्लास्टिकच्या पिशवीतले विम्याचे कागद कवटाळलेले. आणि तो देवाला चक्क गाऱ्हाणे घालत होता.

"बा देवा म्हाराजा! हो जो काय गारांचो मारो माझ्या घरार पडलो हा, तो कित्याक पडलो हा ता माका ठावक असा म्हाराजा! तेरा वर्सां मी माझ्या बायलेच्या विम्याक हसलंय म्हाराजा! नळे गेले तर जावंदेत, मी भिजलंय तर भिजांदे, पण तिचे हे कागद सुके रवांदेत म्हाराजा! तिका माझ्यापेक्षा अक्कल जास्त असा, ह्या आज तुझ्यासमोर कबूल करतंय म्हाराजा! फक्त ता तिका कळाक नको म्हाराजा!"

आणि गाऱ्हाण्याला जमलेल्यांनी म्हणायचे ते 'व्हय म्हाराजा' म्हणायला जवळ कुणी नसल्यामुळे त्याने तेही आपले आपणच म्हटले.

मग यशवंताने हात जोडून आभाळाकडे बघितले आणि सगळा वाडा एका आवाजात ओरडला, "व्हय म्हाराजा!"

गौरवीला हसता हसता ठसका लागला. कमलाक्षी हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणीही वाहत होते, आणि ते पुसावे असे तिला वाटत नव्हते. इतकी वर्षे जे एकदा तरी ऐकावे म्हणून ती आसुसली होती ते तिने अकरा घरांच्या साक्षीने ऐकले होते. क्लेम मिळो न मिळो, तिचे सगळे हप्ते वसूल झाले होते.

पण क्लेमही मिळणार होता. "हे पुरेसं आहे," गौरवी डोळे पुसत म्हणाली. "नळे आणि लाकूड, दोन्हींची शिफारस करते. पावसाआधी तुम्हाला सगळ्यांचे नळे परत करता येतील. फक्त हा व्हिडिओ मला पाठवा, ऑफिसात जोडावा लागेल."

बाबलीने घसा खाकरला. "आवाज काढून धाडलो तर चलात?"

गौरवीने कमलाक्षीकडे बघितले.

"क्लेम माझो असा," कमलाक्षी म्हणाली. "आवाजासकट धाडा. आणि पयलो माका धाडा."