एका रेषेतले खांब

मी एक जुना खांब आहे; पण मित्रांनो, माझ्यावर ना दिवा आहे, ना पाटी. माझ्या माथ्यावर फक्त कान आहे. दगडखाणीत डंपर फिरतात, त्यांच्या टपावरचं यंत्र बारीक हाक देत असतं. ती ऐकायची आणि गाडी माझ्यापासून किती लांब आहे ते सांगायचं, एवढंच माझं काम. ती कोणत्या बाजूला आहे, ते मला कळत नाही.

कारखान्यात घडलो, अंगावर जस्ताचा मुलामा चढला आणि दोन भावांबरोबर इथे आलो. खाणीचा रस्ता सरळसोट. डाव्या हाताला जुना खड्डा, त्यात काळं, खोल पाणी. उजव्या हाताला खडीचं मोकळं मैदान. खाणीच्या साहेबांनी आम्हा तिघांना रस्त्याच्या कडेनं एका रेषेत रोवलं. वायर ओढायला सोपं.

"वा! प्रार्थनेला उभी राहिलेली पोरंच जणू!" ते म्हणाले.

तिथेच घात झाला. गाडी रेषेच्या डावीकडे असो की उजवीकडे, आम्हाला अंतर सारखंच ऐकू येई. तळ्यात की मळ्यात, कोण सांगणार? तिघांची अंतरं जुळवून ऑफिसातल्या पडद्यावर मात्र गाडीचा एकच ठिपका उमटे. पडद्यामागचं यंत्र आपल्या मनानं एक बाजू धरून बसे.

त्या पडद्यासमोर वहिनी बसत. खाणीत सगळे त्यांना वहिनीच म्हणत. पहिला डंपर त्यांचा धाकटा दीर चालवी. एकदा त्या वायरलेसवर म्हणाल्या,

"भाऊजी, तुम्ही तर पाण्यावरून चाललाय की हो!"

"मग भूत बोलतंय समजा, वहिनी. भुताला चहा ठेवा."

सगळे हसले. उजेडात चालकाला रस्ता दिसतो, म्हणून चूक हसण्यावारी गेली. आमची तर पाठच थोपटली गेली. साहेब म्हणाले, "आता धुक्यातही काम थांबवायचं नाही. वहिनी सांगतील तशी गाडी हाकायची."

मग धुकं आलं. त्यानं आधी पाणी गिळलं, मग रस्ता, मग आम्हाला. डंपर नकळत रस्ता सोडून डावीकडे गेला. पडद्यानं त्याला उजवीकडे, मैदानात दाखवलं.

"भाऊजी, डावीकडे घ्या. रस्ता तिकडे आहे."

ठिपका आणखी उजवीकडे सरकला.

"अहो, डावीकडे! डावं-उजवं विसरलात का?"

"डावीकडेच वळतोय, वहिनी... थांबा. खाली पाणी वाजतंय."

पाणी तर डाव्या हाताला, हे वहिनींना उमगलं. मग त्या किंचाळल्या, "ब्रेक! पडदा खोटा आहे, ब्रेक मारा!"

धुकं विरलं तेव्हा पुढचं चाक कड्याबाहेर अधांतरी होतं.

साहेबांनी उपाय केला. नवाकोरा चौथा खांब आणला आणि आमच्याच रेषेत उभा केला. वहिनी भांडल्या. उत्तर मिळालं, "तिघांचं चुकलं असेल, चौघांचं कसं चुकेल?"

मित्रांनो, एका ओळीत उभे असलेले सगळे चुकतात, तेही एकसारखेच. आम्हाला रंग नको, कौतुक नको. एकाला उपटा आणि मैदानाच्या पार टोकाला रोवा. ओळ मोडेल, माणूस वाचेल. पण लवकर करा. पाण्यावरून पुन्हा पांढरं काही चढू लागलं आहे, आणि खाली डंपर सुरू झाला आहे.