बडगी आणि तो मेला मिक्सर

मित्रांनो, मी एक जुनी बडगी आहे. पहूरच्या कलाबाईंच्या घरातली, भरताची वांगी ठेचायची लाकडी बडगी, म्हणजे खोलगट भांडं. आधी हिरव्या मिरच्या आणि लसूण, मग कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी. पन्नास वर्षं कलाअक्कांनी माझ्यातच ठेचली. लग्नकार्याला लोक मला मागून न्यायचे. माझा तोरा काय विचारता!

मग बहात्तराव्या वर्षी अक्कांना तोंडाचा कॅन्सर झाला. जळगावला रेडिएशनचा शेक सुरू झाला आणि तोंड आतून सोलून निघालं. सून दीपमाला सगळं मिक्सरमधून काढून देऊ लागली. वरण मिक्सरमध्ये, भाकरी मिक्सरमध्ये! तो मेला घुर्र करायचा नि मी फळीवर धूळ खात बसायचे. नुसता जळफळाट व्हायचा. अक्कांना कुणी काडी उचलू देईना. "तुम्ही पडून राहा, अक्का." अक्का दोन चमचे खाऊन वाटी सरकवायच्या. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, वजन आणखी उतरलं तर शेक थांबवावा लागेल.

लाज वाटते सांगायला, पण मला बरंच वाटलं. म्हटलं, मिक्सरची खोड मोडली, आता माझी आठवण येईल!

आलीच. दीपमालानं मला धुऊन बिनमिरचीचं भरीत ठेचलं. अक्कांनी आशेनं घास घेतला आणि तोंड दाबून कळवळल्या. पन्नास वर्षांची मिरची माझ्या लाकडात मुरलेली, ती धुण्यानं थोडीच जाते! दीपमाला रडू लागली. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अक्का पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "रडू नको वं. मले मिक्सरातलंच दे. पण तुमचं भरीत मी ठेचते. बठ्ठा दिवस पडून पडून मले माणसासारखं वाटत नाही."

दीपमालानं पाट दिला, मला पुढ्यात ठेवलं. दम खात खात अक्कांनी भरीत ठेचलं. मग सगळे तिथंच जेवायला बसले. नातू आकाश बोटं चाटत म्हणाला, "आजी, भरीत तुझंच!" अक्का हसल्या आणि बोलता बोलता मिक्सरमधली वाटी संपवून बसल्या.

असं रोजच होऊ लागलं. पुढच्या सोमवारी दवाखान्यात वजन केलं, तर ते उतरलं नव्हतं. शेक चालू राहिला.

मित्रांनो, घरातल्या आजारी म्हाताऱ्यांना औषध द्या, मऊ जेवण द्या, पण त्यांच्या हातचं काम सगळं काढून घेऊ नका. आणि खोटं कशाला बोलू, त्या मिक्सरचा हेवा मला अजून वाटतो. पण सकाळी त्याची घुर्रघुर्र ऐकू यायला जरा उशीर झाला, तर आज अक्का जेवणार ना, या काळजीनं जीव माझाच वरखाली होतो.