सीटखालच्या चपला

मी एक जुनी सहा आसनी रिक्षा आहे. केळव्यात माझी ओळख करून द्यावी लागत नाही, कारण माझ्याआधी माझा आवाज पोहोचतो. रंग उडाला, ताडपत्रीला ठिगळं लागली, पण मित्रांनो, सध्या मी फार खुशीत आहे. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला आता कळलंय.

नवी होते तेव्हा माझे मालक दिनानाथ यांनी मला हार घालून शितलादेवीपुढे उभं केलं, नारळ फोडला, आणि केळवे रोड स्टेशन ते समुद्र हा माझा जन्माचा रस्ता ठरला. स्टेशनला जाताना विड्याच्या पानांच्या करंड्या, येताना किल्ले बघायला आलेले पाहुणे. सीट भरल्याशिवाय सुटायचं नाही, हा आमच्या स्टँडचा कायदा. पाहुणे आधी चुळबुळ करतात, मग कुणाची तरी करंडी मांडीवर घेऊन निमूट बसतात. मला तेव्हा त्यांचं कौतुक वाटतं.

माझा मूळचा हॉर्न पहिल्याच पावसाळ्यात बसला. तेव्हा मालकांनी दातिवऱ्याच्या एका मचव्यावरचा भोंगा आणून बसवला. धुक्यात होड्यांना हाका मारणारा तो भोंगा! वाजला की गुरं उधळायची, झोपलेली पोरं रडायची आणि लोक मलाच शिव्या घालायचे.

पुढे नव्या, गुळगुळीत रिक्षा आल्या. पाहुणे तिकडे वळू लागले. आमच्या मालकीणबाई, माई, एकदा अंगणातूनच म्हणाल्या, "रविवारी भंगारवाला येनार हाय. देऊन टाका हिला. डोक्याला ताप नुसता."

मालक माझ्याकडे पाठ करून करंड्या मोजू लागले. त्यांचं ते पाठ फिरवणं मला फार लागलं.

त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी नाशिकहून कीर्ती नावाची मुलगी आपल्या वडिलांना घेऊन आली. गुडघे धरून चालणारे ते म्हातारे गृहस्थ शाळेत इतिहास शिकवायचे. खाडीच्या तोंडाशी पाण्यात उभा असलेला पाणकोट एकदा हात लावून बघायचा, एवढीच त्यांची हौस. सुरूच्या बनाशी रस्ता संपतो, तिथे मी थांबले. ओहोटी होती. कोटापर्यंत ओली वाळू उघडी पडली होती.

"चपला गाडीतच राहू द्या," मालक म्हणाले. "चिखलात रुततात. मी वाडीतल्या करंड्या उचलून स्टेशनला टाकून आलोच."

दोघांनी चपला माझ्या सीटखाली सरकवल्या आणि बापलेक हात धरून निघाले. पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते. म्हणजे उधाणाचं पाणी. ते परत फिरलं की भराभर चढतं. केळव्यात हे कुणी कुणाला सांगत नाही. घास चावून खा, असं कुणी मोठ्या माणसाला सांगतं का? मालकांनीही सांगितलं नाही.

स्टेशनवर करंड्या उतरल्या. शेवटची करंडी ओढताना मालकांच्या हाताला त्या चपला लागल्या. करंडी त्यांनी तिथेच टाकली.

"अरे देवा! त्यांना कुठं ठाव हाय पानी कधी फिरतं ते!"

आणि मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच मी रिकामी सुटले. स्टँडवरचे ओरडत राहिले. माझे सगळे नटबोल्ट खडखडत होते, पण मी बंद पडले नाही.

बनाशी पोहोचलो तेव्हा वाळूच्या वाटेवर पाणी खेळू लागलं होतं. कोटाबाहेर कुणीच दिसत नव्हतं. मालकांनी हाका मारल्या, वाऱ्याने त्या उडवल्या. मग त्यांनी माझ्या भोंग्यावर हात दाबून धरला. मी ओरडले. आयुष्यभर ज्याच्यासाठी शिव्या खाल्ल्या, तो सगळा आवाज मी त्या भिंतींवर ओतला.

कोटाच्या दारात कीर्ती दिसली. तिने खालचं पाणी पाहिलं आणि वडिलांना घेऊन उतरली. मालक तोवर पाण्यात शिरले होते. म्हाताऱ्यांचा एक हात त्यांच्या खांद्यावर, दुसरा लेकीच्या. पाणी कमरेला लागलं, एकदा म्हातारे डगमगले, आणि मी नुसती बघत उभी. शेवटी तिघं काठाला लागली. हुश्श!

कीर्ती ओढणी पिळत म्हणाली, "काका, पाणी परत येतं हे सांगायचं तरी!"

"आमाला बी कुनी सांगितलं नाय कधी, पोरी," मालक हळूच म्हणाले. "इथं सगल्यांना ठावच असतं. चुकलंच माझं."

म्हातारे माझ्या सीटवर टेकले. खाली वाकून त्यांनी चपला ओढल्या, पायांत घातल्या आणि माझा पत्रा हलकेच थोपटला.

रविवारी भंगारवाला आला. शनिवारची हकिकत ऐकलेल्या माई दारातच उभ्या राहिल्या. "पुढं जा बाबा," म्हणाल्या, "आमच्याकडं भंगार नाय." मग त्यांनी ओल्या फडक्याने माझा भोंगा पुसला.

मित्रांनो, जुन्या वस्तूचा आवाज खुपला, तर तो कशासाठी घडला होता तेही आठवा. आणि पाहुणा आला की आपल्या गावचं पाणी त्याला आधी सांगा. आता मालक ते सांगितल्याशिवाय कुणाला वाळूत उतरू देत नाहीत, आणि पाणी फिरायच्या आधीच माझा भोंगा वाजतो.

स्टँडचा कायदाही मी माझ्यापुरता बदललाय. सीट भरली म्हणून मी आता किनाऱ्यावरून हलत नाही. सीटखालची प्रत्येक चप्पल ज्याच्या त्याच्या पायात गेली, की मगच सुटते.