तीन बातम्यांतला एकच माणूस

"आत्या, तो चौकड्यांच्या शर्टवाला माणूस तुझ्या प्रत्येक बातमीत कसा काय असतो?"

प्रश्न माझ्या एकटीचा नव्हता. "हिंमत असेल तर विचारून दाखव," अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. आणि वक्तृत्वात पहिली आल्यापासून हिंमत माझ्याकडे पोत्याने आहे!

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. पंधरा वर्षं टीव्हीवर बातम्या देते. भल्याभल्यांना प्रश्न विचारून घाम फोडते. माझ्या प्रश्नावर मात्र तिने चहाचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"कोण गं? हजार माणसं असतात."

"पाणीटंचाईत तो 'रहिवासी' होता. हॉस्पिटलच्या बातमीत 'रुग्णाचा नातेवाईक'. परवा पूल कोसळला, तर तिथे 'प्रत्यक्षदर्शी'! आम्ही तिन्ही तुकडे जोडून व्हिडिओ केलाय."

"कुणाला पाठवलात?"

'छे, काहीतरीच काय,' असं नाही म्हणाली. 'कुणाला पाठवलात' म्हणाली. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"अजून कुणालाच नाही."

मग ती खुर्ची ओढून जवळ आली. "आमचा ड्रायव्हर आहे तो. चार वाजले की ऑफिसातून फोन सुरू होतात, सहाच्या बातम्यांना लोकांच्या प्रतिक्रिया हव्यात. लोक कॅमेरा बघून पळतात. दोनदा त्यालाच उभं केलं मी. पण पुलाचं खरं आहे गं! पुलाच्या ठेकेदाराची लबाडी त्याने डोळ्यांनी पाहिलीय. सहा माणसं गेली, आणि उद्या दुपारी चौकशी समितीपुढे तो एकटाच साक्षीदार आहे. व्हिडिओ बाहेर आला तर ठेकेदार हसत सुटेल. पुसून टाका ना."

वा! दोनदा खोटं आणि नेमकं तिसऱ्यांदा खरं? नोकरी वाचवायला कुणीही हेच सांगेल. मी "दप्तर विसरले" अशी थाप मारून खाली गेले. तेच चौकड्यांच्या शर्टवाले ड्रायव्हरकाका आत्याच्या गाडीची काच पुसत होते.

"काका, पूल पडला त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"त्या दिवशी नव्हतोच," ते म्हणाले.

सापडले, मी मनात म्हटलं.

"आदल्या दिवशी होतो. चाक पंक्चर झालं म्हणून पुलावर थांबलो. दोन माणसं खांबाच्या भेगेत सिमेंट लिंपत होती. एकाने मला हाकललं. मी... मी निघून आलो, पोरी. कुणाला बोललो नाही." एवढं बोलून त्यांनी पुसलेलीच काच पुन्हा पुसायला घेतली.

जिन्यात बसून मी व्हिडिओ परत पाहिला. पाण्याच्या बातमीत काका घडाघडा बोलत होते, हॉस्पिटलच्या बातमीत तर चक्क हुंदका काढला होता. पुलाच्या बातमीत मात्र त, त, प, प. नजर खाली. वर्गात आम्ही याच तुकड्याला सर्वांत जास्त हसलो होतो, 'इथे पाठांतर कच्चं राहिलं' म्हणून. पाठांतर नव्हतंच ते! लाज होती.

वर आले तर आत्या लिफ्टने निघून गेलेली, आणि तिच्याकडून सगळं ऐकून आईबाबा माझीच वाट बघत बसलेले.

"घरातलं घरातच राहू दे," बाबा म्हणाले. "पुसलास ना तो व्हिडिओ?"

"नाही पुसला."

"अगं, तिची नोकरी जाईल!" आई म्हणाली.

"जाईलही. पण ठेकेदाराचा वकील काय आंधळा आहे? जे आम्हाला दिसलं ते त्यालाही दिसेल, आणि मग काकांचं कोण ऐकणार?" आवाज वक्तृत्वाचाच निघाला. "मी ठरवलंय. उद्या सकाळच्या बातम्यांत आत्याने स्वतः सांगायचं, आधीचे दोन खोटे होते म्हणून. तिने नाही सांगितलं, तर दुपारी शाळा बुडवून मी तो व्हिडिओ घेऊन समितीपुढे जाणार. दोन तुकडे खोटे आहेत आणि तिसऱ्यावर माझा विश्वास का आहे, दोन्ही सांगणार. आत्याला फोन तुम्ही करताय की मी करू?"