ओढणीचा शब्द

सात-आठ वर्षं तोंड न दाखवलेला भाऊ दारात उभा राहिला, तेव्हाच तोरपेकैने सावध व्हायला हवं होतं. पण बहिणीची माया आंधळी. तिने पिठाचे हात पुसले, लाला, म्हणजे थोरला भाऊ, आला म्हणून नवऱ्याला हाक मारली आणि तंदूरमधून काढलेली पहिली रोटी भावापुढे ठेवली.

त्या उन्हाळ्यात लोगरच्या खोऱ्यातल्या सरकारी चौक्या पिकल्या जर्दाळूसारख्या टपाटप गळत होत्या. लढाई अशी होतच नव्हती. गावचे पांढऱ्या दाढीवाले मध्ये पडायचे, शिपाई बंदुका खाली ठेवायचे आणि डोंगरावरचे बंडखोर त्यांना गाडीभाडं देऊन घरी धाडायचे. परदेशी पाहुणे चंबूगबाळं आवरून गेले होते आणि काबूलमधले साहेब फोन उचलत नव्हते. गावामागच्या टेकडीवर तोरपेकैचा थोरला, समसोर, चौकीतल्या पोरांना घेऊन अडकून पडला होता. पीठ संपलं होतं, गोळ्या संपत आल्या होत्या, तरी गडी खाली उतरायला तयार नव्हता. वडीलधारे जाऊन हात हलवत परत आले होते.

हा भाऊ, बाझमीर, डोंगरावरच्यांत आता मोठा माणूस होता. जेवून हात धुतल्यावर त्याने सांगितलं, की भाच्याचा माझ्यावर भरवसा नाही. उद्या चौकीवर हल्ला व्हायचाय, मग मलाही तो अडवता येणार नाही. तू तुझी ओढणी दे, ती बघून तो उतरेल.

बाईने डोक्यावरची ओढणी मध्ये टाकली, की आमच्याकडे पिढ्यान् पिढ्यांचे वैरी बंदुका खाली करतात. ती ओलांडणाऱ्याला पुन्हा चार माणसांत तोंड वर करता येत नाही, निदान तेव्हापर्यंत येत नव्हतं. तोरपेकै पेटीतली नवी ओढणी काढायला उठली, तर बाझमीर म्हणाला नवी नको, डोक्यावरचीच दे, पोराला ओळखू यायला हवी.

“त्याला काही होणार नाही ना, लाला?”

“कडेवर घेऊन फिरवलंय मी त्याला. तुझ्या ओढणीची लाज मी नाही राखणार, तर कोण राखेल?”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. यारगुल तसबीचे मणी ओढत मूग गिळून बसला होता. लोक म्हणतात गप्प माणूस शहाणा असतो. मला तर गप्प माणसांची भीतीच वाटत आली आहे. तोरपेकैने ओढणी उतरवली आणि भावाच्या हातात दिली.

दुपारी ती छपरावर चढून बसली. पोरं एकामागोमाग एक टेकडी उतरली. सगळ्यात पुढे समसोर होता. खाली दोन गाड्या उभ्या होत्या. पोरांना एकीत बसवलं आणि ती गाडी गावाकडे वळली. समसोरला दुसरीत बसवलं, ती नदीच्या अंगाने गेली. बाझमीरचा निरोप आला, की थोडी विचारपूस आहे, शुक्रवारपर्यंत घरी येईल.

शुक्रवार आला आणि गेला. मग काबूल पडलं, अध्यक्ष विमानात बसून निघून गेला, सगळ्यांना माफी असल्याचं रेडिओ सांगू लागला. तोरपेकै रोज भावाच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची आणि आतून रोज एकच उत्तर यायचं, की आता ते माझ्या हातात नाही. टरबुजांच्या दिवसांत, उन्हाळा सरता सरता, एका मेंढपाळाला नदीच्या कोरड्या पात्रात समसोर सापडला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हेही खरंच, पण मेलेल्या पोराच्या आईला म्हणी काय कामाच्या?

बाझमीर जिल्ह्याचा हाकिम झाला. खुर्ची मिळाली, पण लोक मागे कुजबुजायचे. थंडी सुरू झाली तेव्हा तो वडीलधाऱ्यांना पुढे घालून बहिणीच्या दारात आला. बरोबर मेंढा होता. दारात मेंढा कापून क्षमा मागायला आलेल्याला परत पाठवायचं नाही, ही आमची रीत. ज्याने कुणी ती घातली, त्याच्या मनात असा भाऊ आला नसावा.

तोरपेकै आतल्या खोलीत होती. मेंढ्याने पाय झाडल्याचा आवाज तिने ऐकला. पाठोपाठ यारगुलचा आवाज आला. “माफ केलं,” तो म्हणाला. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. ती पुरुषांत कधी गेली नव्हती, त्या दिवशी गेली.

“शब्द याने माझ्याकडून नेला होता,” ती म्हणाली. “माफी द्यायची तर मी देईन, आणि मी देत नाही.”

वडीलधाऱ्यांनी माना खाली घातल्या. त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा समजुतीने म्हणाला, “पोरी, आत जा. जिरग्यात, पंचांच्या बैठकीत, बाईचा शब्द धरत नाहीत.”

“मग त्या दिवशी ओढणी कशी धरलीत?”

हात वर झाले, दुआ झाली, यारगुलने मेव्हण्याला मिठी मारली. मेंढ्याचे वाटे घराघरांत गेले. चौकीवरून जी पोरं जिवंत उतरली होती, त्यांच्या घरीही ते शिजले.

संध्याकाळी झलांद तिच्या वाट्याचं मटण घेऊन आला. समसोरबरोबर टेकडीवर होता तो. वाडगा ठेवून तो निघेना, भिंतीला टेकून उभा राहिला.

“मावशी, मामाचं एक अक्षर त्याने खरं मानलं नव्हतं,” शेवटी तो बोलला. “ओढणी हातात घेतली, हुंगली आणि म्हणाला, आईचीच आहे, आईने बोलावलंय, चला.”

तिने विचारलं, “गाडीत घालताना काही बोलला?”

“मला विचारलं त्याने. आईला हे ठाऊक होतं का, म्हणून.”

“तू काय सांगितलंस?”



“काही नाही, मावशी. मला घरी सोडत होते. मी गप्प बसलो.”