दसऱ्याचं तेल

मित्रांनो, भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या सतरा नंबरच्या गाळ्यात उभा असलेला मी एक जुना बँडसॉ आहे. बँडसॉ म्हणजे लाकूड कापायचं उंच यंत्र. माझ्या पोटात दोन मोठी चाकं आहेत, एक वर, एक खाली. त्यांच्यावरून दातांची पोलादी पट्टी गोल फिरते. सरळ कापायला करवती पुष्कळ मिळतात, पण लाकडाला वळण द्यायचं झालं की माझ्याच दाराशी यावं लागतं. ही बढाई वाटली तर वाटू दे. मी ती कमावली आहे.

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते ना, तशी माझ्या चाकांना रबराची धाव असते. पट्टी त्या रबरावरून धावते. रबर घट्ट असेल तर पट्टी आखलेल्या रेघेवरून केसभरही हलत नाही. रबर सैल पडलं की मी दारूड्यासारखा झुलायला लागतो. हे ध्यानात ठेवा, कारण माझं सगळं दुखणं त्या रबरात आहे.

पंजाबातल्या एका कारखान्यात मला ओतलं, घासलं आणि हिरवा रंग दिला. एक्याण्णव साली ट्रकमध्ये आडवा पडून मी इथे आलो. आत्माराम शेठ मला गाळ्यात उतरवून घेताना इतके हरखले होते की त्यांनी हमालांनाही पेढे दिले. त्यांचा धंदा देव्हाऱ्यांचा. मुंबई सोडून मीरा रोडच्या नव्या इमारतींत राहायला येणाऱ्या प्रत्येक घराला एक छोटा देव्हारा हवा असे, आणि देव्हाऱ्याला नक्षीची कमान. त्या कमानी मी कापत होतो. खरं सांगायचं तर त्या कापत होता कोंडिराम. मी फक्त फिरत होतो.

कोंडिराम परभणीकडचा. हात असा की पेन्सिलीची रेघ अर्धी उडवावी आणि अर्धी ठेवावी. मला सुरू करण्याआधी तो रोज तळहात चाकं झाकणाऱ्या माझ्या दारावर ठेवून क्षणभर थांबायचा, मी कुठे थरथरतोय का ते बघायला. आजूबाजूच्या गाळ्यांचे मालक अवघड वळण आलं की फळी घेऊन त्याच्याकडे यायचे. 'सतरा नंबरवाल्याचा हात' असं त्याला म्हणायचे. बिचाऱ्याला त्याचा फार अभिमान होता, फक्त तो दाखवायचा नाही.

दसऱ्याला मात्र कोंडिराम कधी गाळ्यावर नसायचा. त्याच्या घरचा तो सगळ्यात मोठा दिवस. तो बायकामुलांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जायचा आणि दोन दिवसांनी परत यायचा. इकडे शेठ यंत्रांची पूजा करायचे. झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ. शेठच्या पत्नी उर्मिलाताई ताट धरायच्या. मला ते सगळं आवडायचं. वर्षातून एकदा कुणी आपल्यापुढे हात जोडतं, ते कुणाला आवडणार नाही?

दोन हजार तीनच्या पावसाळ्यानंतर माझ्या टेबलावर, म्हणजे फळी ठेवायच्या लोखंडी पाटावर, गंजाचे ठिपके आले. मिठागरांची खारी हवा लोखंडाला सुट्टी देत नाही. शेठचा जीव हळहळला. त्या दसऱ्याला त्यांनी स्वतः तेलाचा डबा उघडला, माझी दोन्ही दारं उघडली आणि मला आतूनबाहेरून माखलं. टेबल, खांब, चाकं, आणि चाकांवरचं रबरसुद्धा. मग फडक्याने पुसून काढलं.

"बघ, कसा नवरदेव दिसतोय!" ते उर्मिलाताईंना म्हणाले.

मीही खुळा, फुशारलो. रबराला तेल म्हणजे विष, हे मला तरी तेव्हा कुठे ठाऊक होतं?

तेल रबरात मुरलं. रबर फुगलं, चिकटवण सुटली. संक्रांतीच्या सुमारास माझ्या पोटातून धप् धप् आवाज यायला लागला आणि कमानी वाकड्या निघू लागल्या. कोंडिरामने आधी पट्टीचा ताण पाहिला. मग नवी पट्टी चढवली. पट्टीला दोन्ही बाजूंनी धरणारे गुटके सारखे केले. दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का, ते मोजायची लांब पट्टी लावून पाहिलं. काही हाती लागेना. शेवटी त्याने वीज बंद केली, पट्टी उतरवली, खालचं चाक हाताने फिरवलं आणि रबराखाली अंगठा घातला. अंगठा सहज आत गेला.

"शेठ, रबर सुटलंय. आवाज त्याचाच हाय."

"म्हातारं झालं असेल," शेठ म्हणाले. "नवीन टाक."

त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. तेलाची खूणही उरली नव्हती, तीन महिन्यांत भुशाने सगळं पिऊन टाकलं होतं. कोंडिरामने चाकं खरवडून लख्ख केली. नवं रबर मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान असतं, म्हणजे ते ताणून बसतं. त्याने ते कढत पाण्यात ठेवून मऊ केलं, कोरडं केलं, चाकाला चिकटवण लावली, एका जागी रबर शिकंज्यात धरलं आणि उरलेलं दोन्ही हातांनी ओढत चढवलं. मग रबराखालून एक गोल काठी चाकभर फिरवली, म्हणजे ताण सगळीकडे सारखा पडतो. एक अख्खा दिवस त्याने कुणालाच मला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी मी असा चाललो की टेबलावर उभं केलेलं नाणं पडलं नाही.

पुढचा दसरा आला. कोंडिराम नागपूरला गेला आणि शेठनी पुन्हा डबा उघडला. या वेळी मला कळत होतं. मित्रांनो, पूजेच्या ताटासमोर उभं राहून आपलाच घात होताना बघणं काय असतं, ते मला विचारा. हात तोच, माया तीच. ओरडावंसं वाटलं, पण विजेशिवाय मला आवाज नाही.

त्या हिवाळ्यात उत्तनच्या एका चॅपेलच्या बाकांचं काम आलं होतं. सागवानाचे वळणदार हात, मोठी ऑर्डर. कोंडिरामने अकरा हात सुंदर कापले. बाराव्याला रबर सरकलं, पट्टी रेघ सोडून आत घुसली आणि सागवानाचा तुकडा वाया गेला. नंतर आणखी दोन गेले.

शेठ भडकले. "रबर कोणी बसवलं होतं? तूच ना? वर्ष पण नाही झालं!"

"शेठ, नीट बसवलं होतं. चिकटवण खराब निघाली असंल. मी पुन्यांदा करतो."

"चिकटवणीला कशाला दोष देतोस? हात ढिला पडलाय तुझा. आणि यंत्राची पूजा असते तेव्हा गायब. ज्या यंत्रावर पोट भरतं त्याच्यावर श्रद्धा नको माणसाची?"

कोंडिरामने माझ्या दारावर तळहात ठेवला, मग जेवणाचा डबा घेऊन निघून गेला. मला वाटलं, उद्या येईल. तो आला नाही. मला इतका राग कधी आला नव्हता, आणि तो कुणावर काढावा तेही कळत नव्हतं.

शेठ एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण शटरबाहेरच्या चहाच्या टपरीवर त्यांनी चार मालकांना सांगितलं, "कोंडिरामचा हात गेला राव. बँडसॉवर उभा करू नका त्याला." मी आतून शब्द न् शब्द ऐकला. वसाहतीत कुणीच मग त्याला बँडसॉवर घेतलं नाही. कमानी कापणारा माणूस मीरा रोडच्या इमारतींवर सेंट्रिंगच्या फळ्या ठोकायला लागला.

त्याच्या जागी उत्तम आला. चांगला माणूस. त्याने माझ्यावर नवं रबर चढवलं. दोन हजार पाचच्या दसऱ्याला शेठनी विचार केला असावा की यंत्राला दृष्ट लागली आहे, म्हणून दुप्पट तेल लावलं. दिवाळी व्हायच्या आत रबर सुटलं आणि पट्टी निखळून दारावर आतून अशी आपटली की उत्तम पांढराफटक पडला.

उर्मिलाताई म्हणाल्या, "पुरे झालं. कोंडिरामला बोलवा."

"मी नाही बोलवणार."

"मग मी बोलवते." त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला.

तो रविवारी आला, इस्त्रीचा शर्ट घालून. बाह्या दुमडल्या, दार उघडलं, रबर ओढून काढलं. या वेळी तेल ताजं होतं. त्याने रबराची आतली बाजू बोटाने चोळली, नाकाशी नेली.

"याला तेल कुनी लावलं?"

उत्तम म्हणाला, "दसऱ्याला शेठनीच."

"गंज आल्यापासून दरवर्षी लावतात," उर्मिलाताई हळूच म्हणाल्या. "तुम्ही नागपूरला असता तेव्हा."

"अरे, यंत्राला तेल नाही लावायचं तर काय लावायचं?" शेठ म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

"लोखंडाला लावा, शेठ. रबराला नाय. रबर फुगतं, सुटतं." कोंडिराम खाली बघून बोलत होता. "माझ्या मनातच आलं नाय कधी. रबराला कोन कशाला तेल लावंल?"

मग त्याने नवं रबर आणवलं, पाणी तापवलं, सगळं पहिल्यासारखं केलं. हात धुताना तो म्हणाला, "शेठ, मला कामावर घेऊ नका. फकस्त टपरीवर जे बोलला होता ना, ते फिरवा. तिथंच, त्याच मानसांसमोर."

"सांगतो ना. उद्याच सांगतो."

दुसऱ्या दिवशी टपरीवर तीच माणसं जमली. शटर उघडं होतं. मी अंग चोरून ऐकत होतो.

एकाने विचारलं, "काय, चालू झालं का मशीन?"

"झालं," शेठ म्हणाले. "रबरच डुप्लिकेट होतं. बाजारात काय माल येतो हल्ली!" आणि त्यांनी कटिंग मागवला.

त्यानंतर पुष्कळ दिवस मी वाट पाहिली. शेठ माणूस वाईट नाहीत, एखाद्या सकाळी बोलतील असं वाटायचं. दुसरा दसरा आला. रबर सोडून बाकी सगळ्याला तेल लागलं, म्हणजे ते शिकले होते. माझ्यापुढे त्यांनी हात जोडले, डोळे मिटले. टपरीवर मात्र शब्द काढला नाही.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा. लोखंडाला तेल द्या, रबर कोरडं ठेवा, आणि कुठे काय लावायचं ते त्या यंत्रावर काम करणाऱ्याला विचारा. फुलं नाही वाहिलीत तरी चालेल. आणि कधी या बाजूला आलात तर वसाहतीतल्या त्या टपरीवर चहा प्या. तिथे सतरा नंबरची गोष्ट निघाली तर माझं नाव घेऊन मोठ्याने सांगा, कोंडिरामचा हात कधीच ढिला नव्हता.